हात काढला की

आधी टाकी हलवून पाहिली.
जड. शनिवारीच तर लावलीय.
रेग्युलेटर काढून पुन्हा बसवला,
टक् झालं ते कान देऊन ऐकलं.
नळीला साबणाचं पाणी फासलं,
एक बुडबुडा नाही.
वरच्या शेगडीवर दूध उतू जातंय,
आणि खाली ओव्हनला काडी लावून
बटण दाबून धरलं तर
निळी रांग शहाण्यासारखी उभी राहते.
हात काढला की
फप्.

उद्या चारला कुपवाडला
तीन किलो नानकटाई पोचवायचीय, बारशाची.
हे म्हणाले, बेकरीत भाजून आण.
मी काही बोलले नाही.
मळलेलं पीठ झाकून ठेवलं.

हा ओव्हन मिरजेहून आला, टेम्पोत, गादीवर निजवून.
मिशनच्या आवारातल्या एलिशेबा सिस्टर
मुलाकडं पुण्याला निघाल्या तेव्हा म्हणाल्या,
पैसे नंतर दे, पण ह्याला घाई करू नकोस.
मोठ्या पुरात हा बटणापर्यंत बुडाला.
मी उन्हात वाळवला, पुसला,
केक केले, बिस्किटं केली, फी भरली धाकट्याची.
तो कधी कुरकुरला नाही,
म्हणजे मीच विचारलं नव्हतं.

मग मी एक वेडेपणा केला.
बटण आणि पिठाच्या डब्याच्या मध्ये
लाटणं आडवं ठोकून बसवलं.
ज्योत राहिली.
एक ट्रे भाजलासुद्धा.

दस्तगीर शिकलगार आले एम-एटीवर,
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पाने, पकडी, पिना.
लाटणं बघितलं आणि चप्पल काढायच्या आधी
खिडकी उघडली.
‘वहिनी, ज्योत विझली तर गॅस बंद करायला
एक राखणदार ठेवलाय ह्याच्यात.
तुम्ही त्याचंच तोंड बांधलं.’
मी पदराला हात पुसत राहिले. कोरडेच होते.

मग दातांत बॅटरी धरून ते फरशीवर आडवे झाले.
जेट काढला, स्टोव्हची पिन घातली,
पेपरावर टिचकी मारली.
चिमूटभर राखाडी पूड पडली.
बोटांत चोळून म्हणाले, ‘गाळ.’
‘इतक्या वर्षांनी?’
‘नदीचं काय सांगता येतंय?
पाणी कुठवर होतं तुमच्यात?’
मी स्विचबोर्डाच्या वर हात ठेवून दाखवला.
‘आमच्यात माळ्यापर्यंत.’
त्यावर पुढं काही नव्हतं.
मी चहा टाकला.

गाळ निघाला. काडी लावली, हात काढला,
फप्.

तेव्हा त्यांना तो सापडला, कडेला,
करंगळीच्या पेराएवढा तांब्याचा तुकडा,
काजळीनं काळा,
आणि ज्योतीपासून अर्धं बोट तोंड फिरवलेला.
‘ही बघा भानगड. ज्योत आहे,
पण ह्याला कळतच नाही आहे म्हणून.
ह्याला ऊब लागली तर हा गॅसला सांगणार, चालू दे.
नाही लागली तर ह्याच्या लेखी अंधार.’
पॉलिश पेपरानं घासला,
दोन बोटांनी हळूच वाकवला ज्योतीत.

‘दाबा. तीस मोजा.’
मी मोजले. तीस झाले. एकतीस. चाळीस.
‘सोडा आता.’
पंचेचाळीस.
‘वहिनी, सोडा की!’

सोडलं.
राहिली.

दीडशे घेतले. ‘पुन्हा झालं तर
नवीनच घालू, कोल्हापूरहून मागवावा लागतोय.’
पहिला ट्रे डाव्या बाजूनं करपला.
त्यातल्या चार त्यांनी चहात बुडवून खाल्ल्या,
करपलेल्याच द्या म्हणाले, चव असते.
बाकीच्या नीट फुलल्या,
मधोमध बारीक भेगा पडल्या, पडायला हव्या तशा.
कुपवाडला पाचला पोचल्या.
कुणी विचारलं नाही.

लाटण्याच्या मुठीला मात्र बटणाची खाच पडलीय.
पोळ्या करताना तळहाताला लागते.
हे म्हणतात, नवीन आण.
आणीन.